मुख्य प्रवाह, मैफल आणि कलानिष्ठा : उस्ताद अमीर खाँ यांच्या गायकीच्या निमित्ताने

प्रश्नाचे स्वरूप

लोकप्रियता वाढली की कलावंताची निष्ठा कमी होते, असा एक समज कलाचर्चेत रूढ आहे. जो बाजारापासून दूर राहिला तो अस्सल आणि जो बाजारात उतरला तो तडजोड करणारा, अशी सरळ विभागणी केली जाते. पाश्चात्त्य संगीतात या विभागणीला 'मेनस्ट्रीम' आणि 'अंडरग्राउंड' अशी नावे मिळाली. अमेरिकेतील पंक चळवळीने तिला व्यवहाराचे रूपही दिले. वॉशिंग्टनमध्ये १९८० साली सुरू झालेली 'डिस्कॉर्ड' ही ध्वनिमुद्रण संस्था कलावंतांनीच उभी केली होती. तिच्याशी निगडित 'फुगाझी' या वाद्यवृंदाने कार्यक्रमाचे तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवण्याचा आग्रह वर्षानुवर्षे धरला. बड्या कंपनीचा मालक आपल्या कलेचा मालक होऊ नये, एवढाच या आग्रहाचा अर्थ होता.

हा वाद आपल्या विद्यार्थ्यांना परका राहिलेला नाही. कुर्ल्याचा नेझी याने २०१४ साली आयपॅडच्या साहाय्याने 'आफत' हे रॅपगीत तयार केले. डिव्हाइन आणि तो मिळून मुंबईच्या गल्लीतील रॅपचे चेहरे बनले आणि त्यांच्या आयुष्यावरून स्फूर्ती घेतलेला 'गली बॉय' हा चित्रपट २०१९ साली आला. गल्लीतले गाणे पडद्यावर गेले तेव्हा ते गल्लीचे उरले की नाही, हा प्रश्न वर्गातील मुले आपापसात विचारतात. परंतु हाच प्रश्न विसाव्या शतकात हिंदुस्थानी रागसंगीतातील उस्तादांपुढे अधिक कठोर स्वरूपात उभा राहिला होता, याची त्यांना कल्पना नसते. प्रस्तुत लेखात इंदूरचे उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांच्या गायकीच्या आधारे या प्रश्नाची छाननी करण्याचा प्रयत्न आहे.

नकार आणि स्वीकार

अमीर खाँ यांच्याआधीच्या पिढीत या प्रश्नाला दोन टोकांची उत्तरे दिली गेली होती. पहिले उत्तर उस्ताद अल्लादिया खाँ यांचे. कोल्हापूरला शाहू महाराजांच्या पदरी राहिलेल्या आणि पुढे मुंबईत स्थायिक झालेल्या या गवयाने १९४६ साली देह ठेवला. तोपर्यंत ग्रामोफोन या देशात येऊन चार दशके उलटून गेली होती. तरीही त्यांच्या गळ्याचे एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. घराण्याची विद्या समोर बसलेल्या शिष्याला द्यायची, ती तबकडीवर उतरवून अनोळखी हातात सोपवायची नाही, ही भूमिका त्या पिढीतील अनेकांची होती.

दुसरे उत्तर उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे. मिरजेत राहून त्यांनी महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या सीमेवरील सारा मुलूख किराणा गायकीने भारून टाकला. त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढले, तिकीट लावून जलसे केले, तबकड्या दिल्या आणि त्या तबकड्यांत ख्यालाबरोबर ठुमरी व मराठी नाट्यपदेही गायिली. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत. तासभर फुलणारा राग त्यात कसा बसवायचा? अब्दुल करीम खाँ यांनी रागाचा पसारा आवरला आणि स्वराचा लगाव मात्र तोच ठेवला. १९३७ साली त्यांचा अंत झाला, पण आजही त्यांची गायकी आपल्याला ऐकता येते ती या तबकड्यांमुळेच.

या दोन उत्तरांपैकी निष्ठेचे कोणते? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. अल्लादिया खाँ यांच्या नकारात बाणेदारपणा होता हे खरेच. परंतु त्यांची विद्या ज्या शिष्यांच्या गळ्यातून टिकली, त्यांच्यापैकी गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांचे भैरवीतील साडेतीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांबरोबर अंतराळात गेले. गुरूने ज्या माध्यमाला हात लावला नाही, त्याच माध्यमाने त्याच्या घराण्याचा स्वर पृथ्वीबाहेर नेला. म्हणून माध्यम स्वीकारले की नाकारले, एवढ्यावरून निष्ठेचा निवाडा करता येत नाही.

राजाश्रय गेल्यानंतर

या चर्चेत आर्थिक बाजू बहुधा सुटून जाते. 'अंडरग्राउंड' राहायचे तर पोट भरण्याचा दुसरा मार्ग हवा. उस्तादांना तो मार्ग संस्थानांनी दिला होता. अमीर खाँ यांचे वडील शाहमीर खाँ हे सारंगिये. भेंडीबाजार घराण्याशी त्यांचा संबंध होता आणि होळकर दरबारात ते नोकरीस होते. इंदूर, देवास, ग्वाल्हेर, बडोदे, कोल्हापूर, म्हैसूर, हैदराबाद या दरबारांनी गवयाला तनखा दिला व रियाजाला निवांतपणा दिला. त्या बदल्यात मालकाची मर्जी सांभाळावी लागे. म्हणजे दरबार हाही एक बाजारच होता, फक्त त्यात गिऱ्हाईक एकच असे.

१९४७ नंतर संस्थाने विलीन झाली आणि हा आश्रय दोन-तीन वर्षांत संपला. त्याची जागा आकाशवाणी, संगीत परिषदा आणि चित्रपट यांनी घेतली. यांपैकी आकाशवाणी ही शुद्धतेची पेढी मानली गेली. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खात्याचे मंत्री असलेले बा. वि. केसकर मराठीभाषक आणि संगीताचे जाणकार होते. त्यांच्या कारकिर्दीत १९५२ साली संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, कलावंतांची ध्वनिचाचणी व प्रतवारी पद्धतशीर झाली आणि चित्रपटगीतांना आकाशवाणीवर जवळजवळ बंदीच झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर १९५७ साली 'विविध भारती' सुरू करावी लागली.

केसकरांच्या धोरणाला दुसरीही बाजू होती. मुस्लिम राजवटीत संगीत आध्यात्मिक मार्गावरून ढळून शृंगाराकडे गेले, असे मत ते उघडपणे मांडत. म्हणजे ज्या संस्थेने चित्रपटाच्या बाजारापासून रागसंगीत वाचवण्याचा विडा उचलला, तिच्या शुद्धतेच्या कल्पनेत त्या रागसंगीताचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वारसदार मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते. उलट ज्याला बाजारू म्हटले जाई त्या चित्रपटसृष्टीत नौशाद, शकील बदायुनी, मोहम्मद रफी यांना कोणी वंशावळ विचारत नव्हते. 'शुद्ध म्हणजे निष्ठावान आणि बाजारू म्हणजे भ्रष्ट' हे समीकरण इथे कोलमडते. शुद्धतेची पताका कोणाच्या हातात आहे आणि ती कोणाला बाहेर ठेवते, हेही तपासावे लागते.

अमीर खाँ यांची गायकी

या पार्श्वभूमीवर अमीर खाँ यांच्या वाटचालीकडे पाहिले पाहिजे. १९३४ च्या सुमारास ते मुंबईत आले आणि त्यांच्या काही तबकड्याही निघाल्या. त्यानंतर रायगढचे राजे चक्रधर सिंह यांच्याकडे ते काही काळ होते. त्या दिवसांतील एक आठवण नेहमी सांगितली जाते. राजेसाहेबांच्या वतीने ते मिर्झापूरच्या संगीत परिषदेत गायला बसले. श्रोत्यांनी गोंगाट करून त्यांना थोड्याच वेळात उठायला लावले. ठुमरी गा म्हणजे लोक ऐकतील, असे संयोजकांनी सुचवले, पण ठुमरीकडे आपल्या मनाचा ओढा नाही, असे सांगून त्यांनी ते नाकारले. तेव्हा त्यांच्या नावाला वजन नव्हते, हे इथे ध्यानात घेतले पाहिजे. प्रसिद्धी मिळाल्यावर दिलेल्या नकारापेक्षा अशा वेळच्या नकाराचे मोल वेगळे असते.

पुढील वर्षांत त्यांनी जी गायकी घडवली तिचे तीन स्रोत अभ्यासक सांगतात. विलंबित लय किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून, तानेची जात देवासच्या रजब अली खाँ यांच्याकडून आणि मेरुखंडाची शिस्त वडिलांकडून व भेंडीबाजारच्या अमान अली खाँ यांच्याकडून आली. यातील बरेचसे त्यांनी रीतसर गंडा न बांधता, ऐकून आत्मसात केले. सारंगियाच्या मुलाला मोठ्या घराण्याचे दार सहज उघडत नसे, हे सामाजिक वास्तव यामागे आहे.

मेरुखंड म्हणजे दिलेल्या स्वरांच्या शक्य तितक्या क्रमरचना. सात स्वर एकेकदा घेतले तर त्यांचे ५०४० क्रम होतात. या स्वरप्रस्ताराचे विवेचन तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' ग्रंथात केले आहे. अशी गणिती सामग्री गळ्यात असलेल्या गवयाला टाळ्या घेणे अवघड नव्हते. अमीर खाँ यांनी नेमके उलट केले. मेरुखंडाचा उपयोग त्यांनी चमत्कृतीसाठी न करता बढतीसाठी केला. चौदा मात्रांचा झूमरा, त्याचा अत्यंत संथ ठेका, तबल्याला साधेपणाची सूचना, हलक्या आवाजातील साथ आणि त्यावर एकेका स्वराभोवती सावकाश विणलेली आलापी. मारवा किंवा दरबारी या रागांची त्यांची ध्वनिमुद्रणे ऐकताना श्रोत्याला वाट पाहायला शिकावे लागते. मारव्यात षड्ज किती उशिरा आणि किती क्षणभर येतो, हे एकदा लक्षात आले की या संथपणामागचा विचार उलगडू लागतो.

तराण्याविषयीची त्यांची भूमिकाही याच वृत्तीची साक्ष देते. तराण्यातील बोल अर्थशून्य नाहीत, त्यांचे मूळ फारसी शब्दांत व सूफींच्या जिक्रमध्ये आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. सर्व अभ्यासकांना ते मान्य नाही आणि भाषाशास्त्राच्या कसोटीवर त्यातील काही व्युत्पत्ती टिकणेही कठीण आहे. परंतु द्रुत लयीत दाणेदार बोल फेकून बैठक जिंकण्याचे साधन बनलेला हा प्रकार त्यांनी पुन्हा अर्थाकडे वळवला आणि तराण्यांत फारसी काव्यपंक्ती गायिल्या. व्युत्पत्ती चुकीची ठरली तरी त्यामागचा सांगीतिक निर्णय योग्य ठरतो, असे हे उदाहरण आहे.

'बैजू बावरा'तील पराभव

अशा गवयाने चित्रपटात गावे, हे अनेकांना विसंगत वाटले. १९५२ च्या 'बैजू बावरा'त नौशाद यांनी त्यांचा स्वर घेतला. १९५५ साली व्ही. शांताराम यांच्या 'झनक झनक पायल बाजे'चे अडाणा रागातील शीर्षकगीत त्यांनी वसंत देसाई यांच्यासाठी गायिले. १९५९ च्या 'गूंज उठी शहनाई'त बिस्मिल्ला खाँ यांच्या सनईबरोबर त्यांचा स्वर आहे आणि १९६० च्या तपन सिन्हा यांच्या 'क्षुधित पाषाण' या बंगाली चित्रपटाला अली अकबर खाँ यांचे संगीत असून त्यातही ते गायिले आहेत.

यांपैकी 'बैजू बावरा' या चर्चेसाठी विशेष महत्त्वाचा आहे, कारण त्या चित्रपटाचा विषयच मुळी मुख्य प्रवाह विरुद्ध बाहेरचा कलावंत हा आहे. तानसेन हा दरबाराचा, सत्तेच्या छत्राखालचा गवई. बैजू रानावनातला, भक्ती आणि विरह यांतून गाणे शिकलेला. शेवटच्या सामन्यात दोघे देसी रागात गातात, दगड वितळतो आणि बैजू जिंकतो. तानसेनाचा स्वर अमीर खाँ यांचा आणि बैजूचा स्वर दत्तात्रेय विष्णु पलुस्कर यांचा. म्हणजे खऱ्या आयुष्यात ठुमरी गाण्यास नकार देऊन सभेतून उठलेल्या गवयाला पडद्यावर दरबारी प्रतिष्ठेचा आवाज व्हावे लागले आणि हरावेही लागले. त्याला हरवणारा आवाज मात्र गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या सुपुत्राचा होता. संगीत उस्तादांच्या बैठकीतून काढून विद्यालयात व भजनात नेणाऱ्या चळवळीचा तो वारसा होता.

यावरून हा चित्रपट उस्तादांच्या विरोधात होता, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. त्याच चित्रपटातील मालकंस रागातील गाजलेल्या भजनाचे संगीतकार, कवी आणि गायक तिघेही मुसलमान होते. हा योग इतक्या वेळा सांगितला जातो की त्यातील खोच बोथट झाली आहे. तिची धार परत आणायची तर तो केसकरांच्या धोरणाशेजारी ठेवून पाहावा. दोन्ही गोष्टी १९५२ सालच्याच आहेत.

चित्रपटातील अमीर खाँ आणि मैफलीतील अमीर खाँ यांची तुलना केली तर फरक स्पष्ट दिसतो. चित्रपटात त्यांना अवघी काही मिनिटे मिळतात. तिथे विलंबिताला जागा नाही, म्हणून ते मध्य किंवा द्रुत लयीत गातात, बंदिश नेटकी मांडतात, ताना आखडत्या घेतात. पण 'बैजू बावरा'तील पुरिया धनाश्री ऐकताना रागाची चौकट कुठेही सैल झालेली जाणवत नाही. याहून महत्त्वाचे म्हणजे चित्रपटाची सवय त्यांनी मैफलीत आणली नाही. 'झनक झनक' घराघरांत पोहोचल्यानंतरही त्यांची बैठक झूमऱ्यानेच सुरू होत राहिली. चित्रपटात ते आपले थोडे घेऊन गेले, पण तिथले काही परत घेऊन आले नाहीत. निष्ठेची कसोटी लावायची तर ती इथे लावावी. कलावंत कोणत्या दारातून आत गेला यापेक्षा तो बाहेर येताना काय घेऊन आला, हे पाहावे.

आक्षेप आणि मर्यादा

अमीर खाँ यांच्यावरील आक्षेपांची दखल घेतल्याशिवाय ही चर्चा एकांगी राहील. ते अनेकदा अंतरा गात नसत. लयीशी खेळ नाही, बोलतान व बोलबाट यांना वाव नाही, त्यामुळे बंदिशीचे शरीर हरवते, असे आग्रा आणि जयपूर गायकीच्या रसिकांचे म्हणणे असते. वामनराव देशपांडे यांनी 'घरंदाज गायकी'त स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये घराण्यांची मांडणी केली आणि जयपूरला समतोलाचे स्थान दिले. त्या मोजपट्टीने पाहता अमीर खाँ स्वराच्या टोकाकडे झुकलेले ठरतात. हा आक्षेप खरा आहे. पण ही उणीव त्यांनी डोळे उघडे ठेवून पत्करली होती. एखादे अंग बाजूला ठेवल्याशिवाय दुसरे अंग इतक्या खोलवर नेता येत नाही, हा त्यांच्या गायकीचा अव्यक्त सिद्धांत दिसतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो त्यांच्यापेक्षा त्यांच्या प्रभावाला लागू होतो. ज्या संथ लयीमुळे मिर्झापूरला त्यांना उठावे लागले, तीच लय त्यांच्या हयातीतच मान्य झाली. १९६७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७१ साली पद्मभूषण त्यांना मिळाले. १९७४ साली कोलकात्यात मोटार अपघातात त्यांचा अंत झाला तोवर अतिविलंबित ही ख्यालगायनाची फॅशन होऊ लागली होती. पुढच्या पिढीतील अनेकांनी संथपणा उचलला, त्यामागचा मेरुखंडाचा विचार उचलला नाही. रिकाम्या जागा लांबवणे म्हणजे गांभीर्य, असा समज पसरला. बाहेरची शैली मुख्य प्रवाहात आली की तिचे बाह्यांग आधी स्वीकारले जाते आणि तिला जन्म देणारी अडचण विसरली जाते. पंकच्या बाबतीत जे फाटक्या जाकिटाचे झाले तेच इथे झूमऱ्याच्या ठेक्याचे झाले.

आणखी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. अमीर खाँ यांच्या हयातीत त्यांच्या मोजक्याच दीर्घ ध्वनिमुद्रिका बाजारात आल्या. त्यांच्या गायकीचा आज जो व्यापक परिचय आहे तो बव्हंशी आकाशवाणीच्या आणि रसिकांनी खासगी बैठकींत केलेल्या ध्वनिमुद्रणांमुळे. हाताहातांतून गेलेल्या, नकलेवरून नक्कल केलेल्या, सुरुवातीचे दोन-चार आवर्तन तुटलेल्या अशा या फिती. 'अंडरग्राउंड' हा शब्द आपल्या रागसंगीताला खऱ्या अर्थाने लावायचा झाला तर तो या देवघेवीला लावावा. कंपनीला जे विकण्याजोगे वाटले नाही ते रसिकांनी विनामूल्य जपले. अब्दुल वहीद खाँ यांच्यासारख्या ध्वनिमुद्रणापासून दूर राहिलेल्या गवयाचे तर आकाशवाणीवरील मोजके राग तेवढे मागे उरले. निष्ठेचा भार एकट्या कलावंतावर टाकण्याची आपली सवय आहे, पण त्यातील निम्मा वाटा श्रोत्याने उचललेला असतो, हे या फिती सांगतात.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, मुख्य प्रवाह आणि त्याबाहेरचे संगीत ही दोन कायमची घरे नाहीत. दरबार, आकाशवाणी आणि चित्रपट यांची स्थाने वीस वर्षांत बदलली आणि एकच गवई तिन्ही ठिकाणी वावरला. दुसरी, शुद्धतेचा दावा हा नेहमी निष्पाप नसतो. त्यामागील सामाजिक हेतू तपासल्याशिवाय तो स्वीकारू नये. तिसरी, कलानिष्ठेचा पुरावा कलावंताच्या घोषणांत मिळत नाही, तो त्याच्या कलाकृतीतच शोधावा लागतो. अमीर खाँ यांच्या बाबतीत तो झूमऱ्याच्या संथ आवर्तनात मिळतो.

संगीताच्या वैधतेचा धार्मिक वाद हा स्वतंत्र विषय असून तो इथे अभिप्रेत नाही. परंतु मुस्लिम समाजाचे संगीतातील योगदान म्हणजे चित्रपटगीते आणि कव्वाली, एवढीच समजूत घेऊन आपले विद्यार्थी महाविद्यालयातून बाहेर पडतात, ही वस्तुस्थिती आहे. मराठी, उर्दू, इतिहास किंवा समाजशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांना यावर फार खर्चिक उपाय करावा लागणार नाही. 'बैजू बावरा'तील देसी रागाचा सामना आणि अमीर खाँ यांचा मारवा एकाच तासिकेत ऐकवावा. पहिल्यासाठी चार-पाच मिनिटे पुरतात. दुसऱ्यासाठी किमान वीस मिनिटे राखून ठेवावीत आणि त्या वेळात मध्ये काहीही समजावून सांगू नये. त्यानंतर, हाच आवाज तिथे का हरला, हा प्रश्न विचारावा. गल्लीतील रॅप ऐकणारी मुले त्याचे उत्तर द्यायला कचरणार नाहीत.